पीसीची तारीख रोज मागे जातेय?
रोज पीसी चालू केला की घड्याळ काही वर्षं मागं, ब्राउझर उघडलं की त्या चुकीच्या तारखेमुळं बँकेपासून मेलपर्यंत प्रत्येक साइट सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) एरर दाखवते आणि आपण बसतो राउटरला शिव्या घालत. फॉरमॅट मारायच्या आधी मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतल्या मुख्य बोर्डावरचा) तो रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल बदलून बघा राव, पीसी बंद असताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, ३ व्होल्ट, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. (सीआर २०२५ गळ्यात मारला तर घेऊ नका, दिसतो सेम पण पातळ असतो, सैल बसतो. मी आणलाय एकदा.)

काढताना वायर सॉकेटमधनं काढायची, नुसतं शटडाऊन करून भागत नाही, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं, बाजूची बारकी क्लिप नखानं ढकलली की सेल टुणकन वर येतो. आडव्या होल्डरमध्ये प्लसची बाजू वर.

नंतर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडायचा मूळ सेटिंगचा मेनू) तारीख टाकाच, पण रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायचं सेटिंग) आणि बूट ऑर्डरही (कुठल्या डिस्कवरनं आधी चालू व्हायचं तो क्रम) बघा, ते बऱ्याचदा डिफॉल्टला गेलेलं असतं. जुन्या बोर्डावर साटा मोड (बोर्डानं हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरनं आयडीईवर गेला तर विंडोज निळा स्क्रीन देतं, आणि लोक उगाच हार्डडिस्क गेली म्हणून रडत बसतात.