वाचक विचारतो ते आणि त्याला हवं असतं ते

ग्रंथालयशास्त्र शिकून आलेल्यांना वर्गीकरण येतं, तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, येतं. वाचक माहिती कशी शोधतो, हे मात्र काउंटरला उभं राहिल्यावरच कळतं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मला जे दिसत आलं, ते नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

वाचक सहसा थेट आपल्याकडे येत नाही. आधी फोनवर बघतो, सोबतच्याला विचारतो, कपाटांवरच्या पाट्या वाचत फिरतो. आपण मान खाली घालून नोंदी करत असलो, तर 'कशाला त्रास द्या' म्हणून न विचारताच निघून जातो. म्हणून मान वर असू द्या. एकाच कपाटापाशी घुटमळणाऱ्याला "काही शोधताय का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

तो विचारतो, तेव्हाही मनातलं विचारेलच असं नाही. "वैद्यकशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?" म्हणणाऱ्याच्या घरात कुणाला तरी नुकताच मधुमेह निघालेला असतो. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली प्रश्नाच्या चार पायऱ्या मांडल्या: मनातली नुसती चुळबुळ, जाणवलेली पण धूसर गरज, शब्दांत नीट बसलेला प्रश्न आणि इथे काय मिळू शकेल याचा अंदाज घेऊन बेतलेला प्रश्न. आपल्या कानावर पडतो तो चौथा. त्यावर ६१० च्या, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या, कपाटाकडे बोट दाखवलं, तर उत्तर दिल्यासारखं होतं, वाचकाचं काम मात्र होत नाही.

मग खरी गरज कळायची कशी? "कशासाठी हवंय?" असं विचारू नका, ती चौकशी वाटते आणि माणूस मिटतो. "त्यात नेमकं काय पाहायचंय?" असं विचारा. मला त्याहून उपयोगी वाटतो तो प्रश्न म्हणजे "आतापर्यंत काय काय पाहिलंत?" त्याच्या उत्तरातून वाचकाची तयारी कळते, कुठल्या भाषेतलं हवं ते कळतं आणि काय नको तेही. आजार, कोर्टाची कामं, कर्ज अशा विषयांत आवाज खाली ठेवा आणि कपाटापर्यंत सोबत जा. चालता चालता माणसं जास्त मोकळी बोलतात. रिपोर्टचा अर्थ मात्र आपण सांगायचा नाही. विश्वासार्ह पुस्तक हातात द्यायचं, बाकीचं डॉक्टरांवर सोपवायचं.

एकाच गरजेची पुस्तकं एका ठिकाणी नसतात, हेही वाचकाला माहीत नसतं. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशमान पद्धतीत मधुमेह ६१६ मध्ये आणि स्वयंपाकाची पुस्तकं ६४१.५ मध्ये. रुग्णाला दोन्ही लागतात. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या तालिकेत, तो 'शुगर' टाइप करतो, पण तिथे विषयशीर्षक, म्हणजे विषयासाठी ठरवलेला शब्द, 'मधुमेह' असतं. पडद्यावर शून्य दिसलं की पुस्तकच नाही असं धरून चालतो. अशा वेळी कामाचं एखादं पुस्तक शोधा, त्याची नोंद उघडा आणि तिथलं विषयशीर्षक वापरून पुढे शोधायला शिकवा.

शोध सरळ रेषेत चालत नाही. माहितीशोधाच्या अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये त्याला रानातली फळं वेचण्याची उपमा दिली: इथे थोडं, तिथे थोडं, आणि हाती आलेल्यामुळे पुढचा प्रश्नच बदलतो. याच विषयाच्या अभ्यासक कॅरल कुलथाऊ यांना विद्यार्थ्यांच्या अभ्यासात दिसलं, की विषय निवडल्यावर जरा हायसं वाटतं, पण वाचायला लागल्यावर गोंधळ पुन्हा वाढतो. प्रकल्पाचा विषयच बदलावासा वाटतोय म्हणत एखादी मुलगी आली, तर ती बहुधा या टप्प्यावर असते. तिला आणखी दहा पुस्तकं देऊ नका. एखादा विश्वकोशातला लेख द्या, कुठली बाजू आवडली ते बोलू द्या.

वाचकाला पुस्तक देताना "यात नाही मिळालं तर परत या" हे आवर्जून म्हणा. आणि ओपॅकवर शून्य निकाल देणारे शब्द, वाचकाचं नाव न लिहिता, एका वहीत टिपत जा. महिन्याअखेरीस ती वही तालिकाकारासमोर ठेवली, की 'शुगर: पाहा मधुमेह' अशा नोंदी वाढवता येतात.