मानधनाची तारीख आधी ठरवा

मुक्तलेखनात उतरणाऱ्या बहुतेकांचा पहिला मेल पुरवणीच्या संपादकाला जातो. जरूर पाठवा, पण पोट त्यावर भरत नाही. मराठीत रोजचं काम दुसरीकडेच आहे: निवृत्त उद्योजकांच्या आत्मकथनाचं शब्दांकन, मालिकांचे संवाद, ऑडिओ संहिता, सामाजिक संस्थांचे अहवाल, शाळा आणि पतसंस्थांच्या स्मरणिका. या कामांच्या जाहिराती येत नाहीत. छापखान्यात, डीटीपीवाल्यांकडे ओळख ठेवा. ‘कुणी लिहून देणारं आहे का?’ हे आधी त्यांनाच विचारलं जातं.

दिवाळी अंकांचं वेगळं. १९०९ साली ‘मनोरंजन’नं ही प्रथा पाडली, आणि नव्या माणसाला ऐसपैस लिहू देणारी जागा आजही तीच आहे. मात्र विषय उन्हाळ्यातच ठरू लागतात. गणपतीत लेख पाठवून उपयोग नाही, तोवर पानं लागायला सुरुवात झालेली असते.

आता मी जिथे अडकले ते सांगते. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती. मुलाखती, लेखन, फेरदुरुस्त्या, सगळं वेळेत दिलं. ‘प्रकाशन झालं की लगेच चेक’ असं ठरलेलं. प्रकाशन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळेना. मग पावसाळा आला, मग आचारसंहिता. पानं छापखान्यात तयार, माझं घरभाडं थकलेलं, आणि अध्यक्ष फोनवर अगदी आपुलकीनं म्हणायचे, ‘ताई, तुमचे पैसे कुठे जातायत?’

त्यांची नियत वाईट नव्हती, हे नीट लक्षात घ्या. कुणी फसवत नसतानाही पैसे अडकतात, कारण ते आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर अवलंबून ठेवलेले असतात. ‘प्रकाशनानंतर’, ‘वरून मंजुरी आली की’, ‘एपिसोड लागल्यावर’, हे सगळं एकच. यातलं काहीही ऐकलंत की तिथेच थांबा. त्याऐवजी असं ठरवा: एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश पहिल्या खर्ड्याला, उरलेलं अंतिम मजकूर दिल्यापासून ३० दिवसांत, मग तो छापला जावो न जावो. बोलणं फोनवर झालं असलं तरी त्याच संध्याकाळी मेल टाका आणि ‘मान्य’ एवढं तरी उत्तर घ्या. ते येईपर्यंत एक ओळही लिहू नका.

उद्यम नोंदणीही करा, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे, म्हणजे नोंदणी केलेल्या आपल्यासारख्यांचे, पैसे लेखी करार करूनही समोरच्यानं आपलं काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास व्याज लागतं. बिलावर तो नोंदणी क्रमांक असला की समोरच्याशी बोलताना आपला आवाज आपोआप ठाम होतो.

एवढं वाचून धास्तावू नका. मुद्दाम बुडवणारी माणसं मला फार थोडी भेटली.

‘घरबसल्या लिहून लाखो कमवा’ शिकवणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. मोठ्या लेखकाच्या मागे मागे फिरण्यातही फारसं हाती लागत नाही. एखाद्या जुन्या मुद्रितशोधकाजवळ बसून आपलाच लेख दुरुस्त होताना पाहा. कुठलं वाक्य का कापलं, हे तो पेन्सिल न थांबवता सांगतो. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

दिवाळीनंतर मेल येणं थांबतं, आणि आपल्याला लिहिताच येत नाही असं वाटायला लागतं. तो तुमच्या लेखनावरचा निकाल नसतो, हंगाम संपलेला असतो. त्या दिवसांत कुणीही न मागितलेलं, स्वतःचं काहीतरी लिहीत राहा. मी ते सकाळी फोन हातात घेण्याआधी लिहिते. बरोबरीच्या दोघा-तिघांशी दर उघडपणे बोला. दर लपवल्यानं सगळ्यांचेच पडतात.

आणि बाहेर पडा. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे अहवालांची गडबड त्याआधी काही महिने सुरू होते. एप्रिलमध्येच व्यवस्थापकांना भेटून या. जुन्या कामाचे दोन नमुने छापून न्या. तिथे लिंक कुणी उघडत नाही.