दशांश अपूर्णांक शिकवायचेत? डेअरीची पावती घ्या

पाचवीच्या वर्गात विचारा, ५.८ मोठी की ५.७५? बरेच हात ५.७५ साठी वर होतात. का, तर "बाई, आठापेक्षा पंच्याहत्तर मोठे ना!" पोरांचं यात काही चुकत नाही. 'पाच पॉइंट पंच्याहत्तर' असं वाचायला आपणच शिकवलेलं असतं, म्हणून पॉइंटच्या पलीकडे त्यांना दुसरी, वेगळीच संख्या दिसते.

म्हणून घरी अभ्यास घेताना आधी वाचन सुधारा. 'पाच पॉइंट सात पाच' असं एकेक अंक सुटा म्हणायला लावा. मग घरं आखा. वहीचं पान आडवं धरून मधोमध एककाचं घर काढा. त्याच्या डावीकडे दशक, शतक. उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश. एकक आणि दशांश यांच्यामधल्या रेघेवर टिंब. डावीकडून उजवीकडे एक घर सरकलं की किंमत दहापट कमी होते. काही मुलं इथे 'एकांश' शोधतात. त्यांना एककाच्या घरावर बोट ठेवून दाखवा: आरसा टिंबावर नाही, एककावर आहे. दशकाची जोडी दशांशाशी, शतकाची शतांशाशी.

आता ५.८ आणि ५.७५ एकाखाली एक या घरांत लिहा. एककात दोन्हीकडे पाच. दशांशाच्या घरात एकीकडे आठ, दुसरीकडे सात. निकाल तिथेच लागला, पुढचं घर बघायची गरजच नाही.

आमच्या गावात घरोघरी दूध डेअरीला जातं, त्यामुळे मी पावतीच मागवते. लिटर, फॅट, दर, रक्कम, सगळीकडे दशांश. एक लिटर म्हणजे १००० मिली, तेव्हा दशांशाच्या घरातला एक म्हणजे १०० मिली, शतांशातला १० मिली, सहस्रांशातला १ मिली. आता ६.५ आणि ६.०५ लिटर यांत फरक किती? ६५०० वजा ६०५०, म्हणजे ४५० मिली. मधलं शून्य विसरलं तर जवळजवळ अर्धा लिटर दुधाचा हिशोब चुकतो, हे गोठ्यातल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. आणि ६.५ च्या पुढे शून्य देऊन ६.५० केलं तर? दूध तेवढंच. ते शून्य शतांशाच्या रिकाम्या घरात बसलं, पाच जागचा हलला नाही.

रुपये-पैसेही चांगले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्याआधी सोळा आणे होते. पण पैसा शतांशापाशी थांबतो. सहस्रांशासाठी लिटर-मिली किंवा किलो-ग्रॅमच घ्या.

बेरजेत मुलं शेवटचा अंक शेवटच्या अंकाखाली मांडतात. सकाळचं ६.५ आणि संध्याकाळचं ५.७५ लिटर असं मांडलं की ६५ आणि ५७५ मिळून ६४०, टिंब दिलं की ६.४०! दोन वेळचं दूध सकाळच्या एका वेळेपेक्षाही कमी? टिंबाखाली टिंब मांडा, ६.५ चं ६.५० करा, १२.२५ येईल. ताळा तोंडीच होतो: साडेसहा आणि पावणेसहा, सव्वाबारा. पाव, अर्धा, पाऊण म्हणजे .२५, .५, .७५ हे पक्कं करून घ्या. आपल्या बोलण्यातच ते आहे, त्याचा फायदा सोडू नका.

दहाने गुणताना 'टिंब एक घर उजवीकडे' हा नियम मी आधी सांगत नाही. टिंब जागेवरच असतं, अंक एकेक घर डावीकडे जातात. ३.४५ मधले तीन एकक तीन दशक होतात, चार दशांशांचे चार एकक, पाच शतांशांचे पाच दशांश. ३४.५. घरांच्या पानावर अंकांच्या चिठ्ठ्या सरकवून करा. असं चार-पाच वेळा केलं की नियम मुलंच सांगतात.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. क्रिकेटमधली ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू. षटकात चेंडू सहा, म्हणून दशांशात ती साडेचार, ४.५. उंची ५.१० लिहितात तेव्हाही पाच फूट दहा इंच असतात, आणि फुटात इंच बारा. मुलगा क्रिकेटवेडा असेल तर हा प्रश्न तोच काढेल. त्याला उलट विचारा, ४.३ नंतर तीन चेंडू पडले की स्कोअरबोर्डवर ४.६ का दिसत नाही?