मिनी ट्रॅक्टरचं कुलंट बदलताना या चुका टाळा, नाहीतर ऐन फवारणीत गाडी गरम मारेल

दसरा आला की आमच्या नाशिककडच्या निफाड-दिंडोरी द्राक्ष पट्ट्यात सगळेच ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे करतात, ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात, पण रेडिएटरचं झाकण उघडून आतलं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, कसं आहे हे बघणारे फार थोडे. आणि लगेच मागोमाग ऑक्टोबर छाटणी, मग डावणी-भुरी या द्राक्षाच्या रोगांवरच्या फवारण्या, म्हणजे मिनी ट्रॅक्टरची खरी परीक्षा. द्राक्षाच्या ओळीत गाडी चालते हळू, पण ब्लोअरसाठी, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्रासाठी, पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला) ५४० आरपीएम लागतात म्हणून इंजिन मात्र जोरात फिरत असतं, पुढून वारा जवळजवळ नाहीच, सगळी भिस्त रेडिएटर आणि फॅनवर. म्हणून कुलंट बदलायचं तर छाटणीच्या आधी बदला आणि निवांत वेळ काढून बदला, कारण घाईत बदललेलं कुलंट जुन्या कुलंटपेक्षा वाईट, हे मी स्वतः भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी मी संध्याकाळी घरीच कुलंट बदललं, रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि सकाळी सहाला ब्लोअर जोडून बागेत गेलो. तिसऱ्या ओळीत वळताना गोडसर वास आला, गुळाचा पाक करपावा तसा. टेम्परेचरचा काटा बघितला तर हिरव्यातच, म्हणून अजून एक ओळ काढली आणि तिथेच चुकलं, कारण ओळीच्या शेवटी बॉनेटखालून वाफ निघाली. काटा खोटं का बोलला हे नंतर फिटरने समजावलं, की सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो बरोबर दाखवतो, त्याच्याभोवती हवा अडकली असेल तर इंजिन उकळत असलं तरी काटा जागचा हलत नाही. थंड झाल्यावर उघडलं तर दीड लिटर कुलंट परत आत बसलं. थोडं वाफेने गेलं असेल, पण बाकी सगळी हवाच होती.

तर एअर काढणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. गाडीचं तोंड बांधावर थोडं चढवून उभं करा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. कुलंट बारीक धारेने ओता, मधेमधे थांबून वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील आणि लेव्हल खाली जाईल. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) घराजवळ एअर काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून बुडबुडे थांबून नुसतं कुलंट येईपर्यंत थांबा, मग आवळा. त्यानंतर झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा आणि आयडलच्या थोडं वर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. वरचा होस बराच वेळ कोमट असतो आणि मग एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, त्याच वेळी लेव्हल खाली बसते, तेवढं भरा आणि मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर परत बघा, बहुतेक वेळा अजून थोडं लागतंच. एवढं करूनही बुडबुडे थांबतच नसतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर ती हवा नाही, हेड गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचं) बघावं लागेल, गाडी तशी चालवू नका.

दुसरी चूक अर्धं रिकामं करण्याची. रेडिएटरखालचा कॉक उघडला, धार थांबली, झालं असं वाटतं, पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच जुनं तसंच राहतं. ब्लॉकला बाजूला वेगळा ड्रेन प्लग असतो, तो बऱ्याच गाड्यांवर ऑइल-मातीच्या थराखाली झाकलेला असतो. आमचा काढला तेव्हा आधी काहीच आलं नाही, बारीक तार घालून ढवळलं तेव्हा तपकिरी, गंजाचा गाळ असलेलं पाणी भळभळा बाहेर पडलं, ते सगळं इतकी वर्षं फिरत होतं. म्हणून खाली मापाचं घमेलं किंवा कॅन ठेवा आणि किती निघालं ते मोजा, पुस्तकात ५ लिटर लिहिलंय आणि निघालं ३ तर २ लिटर अजून आतच आहे. आणि हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, फडकं धरून उघडलं तरी वाचवत नाही.

आता पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलेंडरभोवती बसतो, आणि त्या थरातून उष्णता बाहेर निघत नाही. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणीच वापरा, ते फार महाग नाही. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कुलंट कशाला" असं बरेच जण म्हणतात. निफाडला जानेवारीत पारा किती खाली जातो ते आपल्याला माहीत आहे, पण मुद्दा थंडीचा नाहीच, कुलंट गंज थांबवतं आणि उकळायचा पॉइंट वर नेतं, निम्मं-निम्मं मिश्रण ०.९ बारच्या चांगल्या झाकणाखाली १२० डिग्रीच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकणही बदला.

कॅनवर काय लिहिलंय ते नीट वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर घालायचं. जुनं काढून आतून पाण्याने धुतल्यावर (फ्लश केल्यावर) थोडं पाणी आत राहतंच, त्यामुळे कॉन्सन्ट्रेट वापरताना आधी एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्डने भरा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. रंग बघून टॉप-अप करू नका, हिरवं-लाल हे काही ठरलेलं मानक नाही, आणि वेगळ्या जातीची दोन कुलंट मिसळली तर कधीकधी आत जेलीसारखा गाळ होतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. गाडी गरम मारत असेल तर कारण शोधा, थर्मोस्टॅट काढला तर इंजिन कामाच्या तापमानाला येतच नाही, डिझेल जास्त खातं, कार्बन धरतं. खरं कारण बऱ्याचदा बाहेरच असतं, रेडिएटरच्या जाळीत गंधकाची पावडर, धूळ आणि पानं मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो फॅनच्या बाजूने पुढे ढकलत साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा पाइप जवळ धरला तर जाळीच्या पातळ पत्त्या वाकतात. वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक असतं, तिथून थेंब पडत असेल तर सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवलेलं मी दोन ट्रॅक्टरवर पाहिलंय, त्याने गळती थांबत नाही, पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप बसतो.

आणि समजा बागेत गाडी तापलीच, तर पीटीओ बंद करा, दोनेक मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग बंद करा, पण वाफ भसाभसा येत असेल किंवा पाणी सगळं गेलं असेल तर लगेच बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

काढलेलं जुनं कुलंट बांधावर किंवा शेततळ्याकडे सोडू नका. ते चवीला गोड लागतं, कुत्रं नाहीतर वासरू घमेल्याला तोंड लावतं, आणि थोड्या घोटांनीही जनावर दगावू शकतं. काम चालू असतानाच ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मार्करने लिहा, आणि जळक्या ऑइलबरोबर गॅरेजला द्या.