सुपरहिरो उडायच्या आधी थीम उडवू नका

सुपरहिरोच्या पिक्चरला म्युझिक द्यायचं काम पहिल्यांदा हातात आलं की सगळे एकच करतात, मीही तेच केलेलं. सॉफ्टवेअर उघडायचं, आठ हॉर्न, धाडधाड ड्रम, मागे कोरस, आणि दोन मिनिटांचं काहीतरी भव्य ठोकून द्यायचं. हेडफोनवर ऐकताना स्वतःच्याच अंगावर काटा येतो. मग ते पिक्चरवर लावून बघितलं की लक्षात येतं, हिरो अजून शाळेच्या मागे पोरांचा मार खातोय आणि बॅकग्राऊंडला जग वाचल्यासारखं वाजतंय.

तर आधी लिहायचं नाही, आधी बघायचं. डिरेक्टरबरोबर बसून पूर्ण पिक्चर थांबत थांबत बघतात त्याला स्पॉटिंग म्हणतात. म्युझिक कुठे सुरू करायचं, कुठे बंद करायचं हे तर विचाराच, पण खरा प्रश्न हा की इथे म्युझिक नसलं तर काय बिघडेल? उत्तर आलं नाही तर तिथे म्युझिक नकोच. प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात आणि त्याला ३एम२ असा नंबर पडतो, म्हणजे तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा. रिळं गेली, नंबर राहिले.

इथेच टेंपची भानगड येते. टेंप म्हणजे एडिटरनं तात्पुरतं चिकटवलेलं दुसऱ्या कुठल्या तरी पिक्चरचं म्युझिक, आणि डिरेक्टर ते कित्येक आठवडे ऐकून ऐकून त्याच्या प्रेमात पडलेला असतो. भांडू नका, फक्त विचारा की यातलं नेमकं काय आवडतंय. बरेचदा त्याला चाल आवडलेली नसतेच, स्पीड आवडलेला असतो, किंवा म्युझिक संवाद संपल्यावर सुरू होतं एवढंच आवडलेलं असतं. तेवढं घ्या आणि चाल विसरून जा.

आता थीम, म्हणजे हिरोची ओळख बनणारी चाल. माझं मत विचाराल तर सुपरहिरोची थीम मोठी नको, मोडता येईल अशी हवी. एक उदाहरण करूनच बघू. सूर फक्त चार: सा, प, म आणि वरचा सा. सा छोटा, प लांब, म परत छोटा, वरचा सा लांब. सा वरून प म्हणजे पंचमाची उडी, मग एक पायरी खाली, आणि म वरून वरच्या सा ला परत तेवढीच उडी. पंचमाची उडी ब्रासवर, म्हणजे हॉर्न-ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांवर, वीरश्रीची वाटते, त्यात नवीन काहीच नाही, १९७८ च्या सुपरमॅनमध्ये जॉन विल्यम्सच्या थीमची मुख्य झेप पंचमाचीच आहे. पण आपल्या चार सुरांत गंमत दुसरीच आहे, त्यात गंधार नाहीये. गंधार नाही म्हणजे चाल मेजर की मायनर, उजळ की उदास, हे अजून ठरलेलंच नाही, ते खालची कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर, ठरवणार. तीच चाल, खाली शुद्ध ग असलेली कॉर्ड दिली की सकाळ, कोमल ग असलेली दिली की अंत्ययात्रा. दोन तासांच्या पिक्चरला असलीच थीम पुरते.

आणि ती तुकड्यातुकड्यानं खर्च करायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. लहानपणीच्या सीनला फक्त सा आणि प, पियानोवर, हळू, आणि प तसाच लटकत सोडायचा. शक्ती पहिल्यांदा जाणवते तिथे सा प म, क्लॅरिनेट किंवा व्हायोलावर, आणि चौथा सूर येणार तेवढ्यात सीन कट. मधल्या पराभवाला चारही सूर द्या पण चेलोवर, खालच्या सप्तकात, मायनर कॉर्डवर, अर्ध्या स्पीडनं. तोपर्यंत प्रेक्षकाला माहीतही नसतं की आपण कसली तरी वाट बघतोय, पण कान वाट बघत असतो. मग शेवटी हिरो खरंच उभा राहतो तिथे सहा हॉर्न एका सुरात, आणि वरचा सा आला की त्याच्या खाली सा ची नेहमीची कॉर्ड नाही द्यायची, कोमल ध ची मेजर कॉर्ड द्यायची. सा त्या कॉर्डमध्ये बसतोच, पण पायाखालची जमीनच वर उचलल्यासारखी वाटते, मग कोमल नी ची मेजर, मग घरी सा वर. खूप वापरलेली युक्ती आहे, मान्य, पण अजूनही चालते, आणि एका पिक्चरमध्ये एकदाच चालते.

पट्टी कुठली? मी बी फ्लॅट घेतो. हॉर्नला मधला सा आरामात जातो आणि वरचा सा थोडा जोर लावून लागतो, तो जोर ऐकू येतो आणि तोच पाहिजे असतो. हॉर्नवाल्याच्या कागदावर सूर पंचमानं वर लिहिलेला असतो हे विसरू नका, सॉफ्टवेअर ते आपोआप करतं पण आपण कुठल्या व्ह्यूमध्ये लिहितोय, ऐकू येणाऱ्या सुरांच्या की वादकाच्या कागदाच्या, ते एकदा तपासा.

व्हिलनला वेगळी भव्य चाल द्यायचा मोह टाळा. २००८ च्या द डार्क नाइटमध्ये जोकरसाठी हान्स झिमरनं मुख्य भार चेलोच्या एका ताणत जाणाऱ्या सुरावर टाकला होता, चाल अशी नाहीच, आणि तरी तो सूर लागला की पोटात गोळा येतो. आपल्या उदाहरणात हिरोचेच चार सूर उलटे वाजवले तरी भागतं, वरचा सा, म, प, खालचा सा. दोघं एकाच मातीचे आहेत हे न बोलता सांगून होतं.

आता गणित. समजा क्यू सुरू झाल्यापासून १४.७५ सेकंदाला हिरो छतावरून उडी मारतो आणि चौथा सूर तुम्हाला बरोब्बर तिथे हवाय. १२० टेंपोला, म्हणजे मिनिटाला १२० बीट, एक बीट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १४.७५ सेकंदात साडेएकोणतीस बीट, उडी नेमकी दोन बीटच्या मध्ये लटकते. टेंपो १२२.०३ करा, ३० बीट होतात, म्हणजे चार-चार बीटचे सात बार (आवर्तनंच म्हणा) आणि दोन बीटचा एक. तो छोटा बार उडीच्या लगेच आधी टाका, दोन बीट अचानक गायब झाल्यानं श्वास अडकल्यासारखं होतं आणि लोकांना वाटतं तुम्ही मुद्दाम केलंय. २४ फ्रेमच्या पिक्चरला १४४० भागिले टेंपो केलं की एका बीटला किती फ्रेम ते निघतं, १२० ला १२, १४४ ला १०. म्युझिक एखाद-दोन फ्रेम उशिरा आलं तर कोणाला कळत नाही, लवकर आलं तर खटकतं. आणि प्रत्येक बुक्कीला झांज वाजवू नका प्लीज, कार्टून होतं. एका क्यूमध्ये दोन किंवा तीन जागा धरायच्या, बाकी सोडून द्यायच्या.

आणि हो, एवढं सगळं जुळवल्यावर एडिट बदलणार. व्हीएफएक्सचे शॉट शेवटपर्यंत येत राहतात, कुठेतरी १४ फ्रेम कापल्या जातात, म्हणजे १२० टेंपोला एक बीट आणि वर थोडं. म्हणून लांबच लांब चाल लिहिण्यापेक्षा स्ट्रिंगचा फिरत राहणारा छोटा पॅटर्न ठेवा आणि त्यावर बाकीचं बसवा, पॅटर्नमधून एखादा बार काढला तर जखम दिसत नाही. चालीच्या मधोमध कापायची वेळ आली तर मात्र दिसते.

ऑर्केस्ट्रा किती मोठा? व्हायोलिनचे दोन गट १४ आणि १२, व्हायोला १०, चेलो ८, डबल बास ६, म्हणजे पन्नास स्ट्रिंग, त्यावर सहा हॉर्न, तीन ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, एक ट्यूबा, वुडविंड, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट वगैरे, प्रत्येकी दोन, पर्कशन, हार्प, पियानो. एवढ्यात जग वाचवता येतं. जुना हिशोब असा की जोरात वाजत असताना एक ट्रंपेट म्हणजे दोन हॉर्न आणि एक हॉर्न म्हणजे दोन वुडविंड. खालच्या सप्तकात ट्रॉम्बोनला तीन सूर चिकटून देऊ नका, नुसता चिखल होतो. खाली फक्त सप्तक आणि पंचम, दाटी वर.

हा हिशोब मी शिकलो तो फजिती होऊन. एका क्यूमध्ये बासरीला खालच्या सुरात छान हळवी ओळ दिली होती आणि तिच्या खाली ट्रॉम्बोन. कॉम्प्युटरवर मस्त ऐकू येत होती, कारण मी बासरीचा फेडर, म्हणजे आवाज वाढवायचं सरकतं बटण, वर ढकलून ठेवला होता आणि ते विसरूनही गेलो होतो. खऱ्या हॉलमध्ये बिचारी वादक जीव तोडून फुंकतेय आणि माईकपर्यंत काही येतच नाहीये, सगळे माझ्याकडे बघतायत. शेवटी ती ओळ हॉर्नला दिली आणि ट्रॉम्बोनला गप्प बसवलं. तेव्हापासून मॉकअप, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नमुना, करताना सगळे फेडर एका लेव्हलला ठेवून एकदा ऐकतोच. आणखी एक, सॅम्पलचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा, हॉर्न थकत नाही, माणसाचे ओठ थकतात, म्हणून ब्रासच्या कागदावर रिकामे बार दिसले पाहिजेत.

मारामारीत तुमचा खरा प्रतिस्पर्धी व्हिलन नसतो, साउंड इफेक्ट असतात. स्फोट, इंजिन, कोसळणाऱ्या भिंती, हे सगळं खालच्या फ्रिक्वेन्सीत बसलेलं असतं आणि तुम्ही तिथेच मोठे ड्रम लिहिले तर फायनल मिक्सिंगला ड्रमच खाली जाणार. साउंड डिझायनरला आधीच फोन करून विचारा की कुठल्या सीनला काय येणार आहे, स्फोटाच्या जागी म्युझिकला अर्धा सेकंद गप्प करा, स्फोट दुप्पट मोठा वाटतो. संवादाच्या खाली ओबो किंवा ट्रंपेटची चाल नको, ती माणसाच्या आवाजाशी भांडते, तिथे लांब शांत स्ट्रिंग बऱ्या.

वेगळं वाद्य हवं असेल तर वरून शिंपडू नका, मुळात घ्या. ब्लॅक पँथरसाठी संगीतकार लुडविग योरानसन सेनेगलला जाऊन तिथले गायक बाबा माल यांच्याबरोबर फिरला, आणि तिथला टॉकिंग ड्रम, म्हणजे काखेत दाबून सूर वरखाली करायचा ड्रम, हिरो असलेल्या राजाच्या थीमच्या केंद्रात बसवला, २०१९ मध्ये ऑस्कर मिळाला. सॅम्पलच्या फोल्डरमधून एथनिक नावाचं काहीतरी उचलून लावलं असतं तर ते झालं नसतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वादकांच्या कानात क्लिक, म्हणजे टेंपोची टिकटिक, असते, सुरुवातीला दोन बार मोकळी क्लिक द्या. प्रत्येक बारला नंबर छापा, नाहीतर कुठून सुरू करायचं हे सांगण्यातच वेळ जातो, आणि तिथला प्रत्येक मिनिट पैशाचा असतो. ब्रासचे जड क्यू लागोपाठ लावू नका, मध्ये शांत स्ट्रिंगचे क्यू घाला, आणि क्लायमॅक्सचा तो वरचा सा दिवसाच्या शेवटी तर अजिबात ठेवू नका, पहिल्या ब्रेकनंतर लगेच घ्या, ओठ गरम झालेले असतात आणि दमलेले नसतात. जमलं तर स्ट्रिंग, ब्रास, पर्कशन वेगवेगळे रेकॉर्ड करा आणि सहा हॉर्नची थीम स्वतंत्र स्टेममध्ये, म्हणजे वेगळ्या ऑडिओ फाईलमध्ये, द्या, म्हणजे मिक्सरला स्फोटासाठी ड्रम खाली खेचावे लागले तरी ते चार सूर जागेवर राहतील.