राग, चीड, त्रागा, रुसवा: भावनेच्या शब्दाचा अर्थ कसा काढायचा

जर्मनीत वाढलेली माझी भाची सुट्टीत आली होती, एका संध्याकाळी घरी आल्या आल्या म्हणाली, "मावशी, बस न थांबवता निघून गेला ना, मी त्या ड्रायव्हरवर रुसले." व्याकरण अगदी बरोबर होतं, पण वाक्य चूक होतं, आणि का चूक ते मला लगेच सांगता येईना. कोश उघडला तर तिथे रुसणे म्हणजे रागावणे, राग म्हणजे क्रोध, क्रोध म्हणजे संताप आणि संताप म्हणजे परत राग. ज्याला आधीच मराठी येतं त्याचंच यावर भागतं. तेव्हापासून मी असे शब्द कसे उलगडते ते इथे लिहितेय. वही, पेन आणि दोन-तीन मराठी बोलणारी माणसं एवढं पुरतं.

सगळ्यात आधी एकटा शब्द घेऊन बसू नका, त्याचे शेजारी पण घ्या. मी राग, चीड, त्रागा आणि रुसवा घेतले, कारण हे चारही आपण सहज एकमेकांच्या जागी टाकतो. मग प्रत्येकाची खरी वाक्यं जमवा, मनाने रचलेली नकोत, घरातली, फोनवरची, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधली. जुना वापर बघायचा तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची) ऑनलाइन फुकट शोधता येतो. तीस-चाळीस वाक्यं झाली की बास.

आता क्रियापदं बघा, मराठीत अर्धा अर्थ तिथेच सापडतो. राग येतो, राग धरतात, गिळतात, आवरतात, एकाचा दुसऱ्यावर काढतात, मग तो निवळतो. चीड येते, पण चीड गिळली असं कोणी म्हणत नाही. त्रागा करतात, 'मला त्रागा आला' कोणाच्याच तोंडी नाही, म्हणजे तो आपोआप येणारा नाही, करायचा प्रकार आहे (काही जण 'माझा त्रागा होतो' म्हणतात, तिथे अर्थ वैतागाकडे सरकलाय, ती वाक्यं वेगळ्या पानावर लिहा). आणि मला सगळ्यात आवडलेली जोडी म्हणजे राग काढणं आणि रुसवा काढणं. क्रियापद एकच, पण राग ज्याला आलाय तोच काढतो, आणि रुसवा मात्र दुसऱ्याने येऊन काढायचा असतो. स्वतःचा रुसवा स्वतःच काढला असं होत नाही. रुसण्यात समोरच्याने आपल्याकडे यावं ही अपेक्षा आहे, हे व्याकरणानेच सांगून टाकलं.

नाम आणि क्रियापद एकाच धातूचं दिसलं म्हणून अर्थही एकच धरू नका, इथे मी स्वतः बरेच दिवस अडकले होते. 'साहेब चिडले' म्हणजे नुसते भडकले, चहा गार होता म्हणूनही चिडले असतील. पण 'मला त्या प्रकाराची चीड आली' म्हणताना काहीतरी अन्यायाचं, लबाडीचं समोर असावं लागतं, गार चहाची चीड येत नाही. आणि चिडचिडीला तर कारणही लागत नाही, उकडतंय, भूक लागलीये, झोप झालेली नाही, कशाची चिडचिड होतेय विचारलं तर 'उगाच' हे उत्तर चालतं. म्हणून प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारायचे, कोणावर आणि कशाबद्दल. चीड आली पण काहीच चुकीचं घडलेलं नव्हतं, असं म्हणून बघा, वाक्य उभंच राहत नाही.

हीच पुढची टेस्ट, आणि इथे लॉजिक कामाला येतं. एखादी गोष्ट शब्दाच्या अर्थातच आहे की आपण सवयीने धरून चालतो, हे कसं ओळखायचं? 'पण' लावून ती नाकारून बघायची. 'मला राग आला पण मी काहीच बोलले नाही' हे सरळ चालतं, म्हणजे बोलणं-ओरडणं रागाच्या अर्थात नाही, आपण फक्त अंदाज बांधतो. 'त्याने त्रागा केला पण कोणाला काहीच कळलं नाही' हे खटकतं, म्हणजे दिसणं-ऐकू येणं त्राग्याच्या अर्थातच आहे. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने हा फरक नीट मांडला, सूचित अर्थ मागे घेता येतो, मूळ अर्थ मागे घेतला की वाक्य मोडतं. ही टेस्ट एकट्याने करू नका, दहा-बारा वाक्यं झाली की कानाला सगळंच बरोबर वाटायला लागतं, म्हणून दुसऱ्याला वाचून दाखवा आणि "असं म्हणशील का?" एवढंच विचारा, अर्थ विचारू नका, अर्थ विचारला की माणसं कोशासारखं बोलतात.

व्युत्पत्तीपासून सांभाळा. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेमसुद्धा, अनुराग त्यातलाच, आणि तिथल्या रागद्वेषातला राग हा ओढ आहे. मराठीत 'रागलोभ नसावा' म्हणतो तेव्हा राग दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेला असतो. त्राग्याचंही तसंच, पूर्वी गुजरात-काठेवाडकडे भाट-चारण समोरच्याला नमवायला स्वतःलाच जखम करून घ्यायचे त्याला त्रागा म्हणत. आज कोणी जखम करत नाही, पण 'मी जेवणारच नाही जा' मध्ये स्वतःला त्रास देऊन दुसऱ्याला हलवायचं ते अजून आहे. त्यामुळे इतिहास बघा जरूर, पण आजच्या वाक्यांनी साक्ष दिली तरच घ्या. नाट्यशास्त्रातल्या याद्या पण तशाच, आठ स्थायी म्हणजे टिकून राहणारे भाव, तेहतीस व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे, त्यात अमर्ष (अपमान सहन न होणं), उग्रता, असूया असे बारीक फरक केलेत, वाचायला फार सुंदर, पण ते रंगभूमीसाठी बांधलेले शब्द आहेत, आपल्या ओट्यापाशी बोलले जाणारे नाहीत.

आता व्याख्या लिहायची. इथे नियम एकच, भावनेच्या शब्दाची व्याख्या दुसऱ्या भावनेच्या शब्दाने करायची नाही. ही पद्धत भाषाशास्त्रज्ञ आना व्हिएझबित्स्का यांची, मूळच्या पोलंडच्या, नंतर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत. त्यांचं म्हणणं असं की सगळ्या भाषांत सापडतील असे अगदी थोडे मूळ अर्थ आहेत (१९७२ साली त्यांनी १४ धरले होते, आता ही यादी साधारण ६५ पर्यंत गेलीये), मी, तू, कोणीतरी, चांगलं, वाईट, करणं, हवं असणं, नाही, कारण, असे, आणि बाकी सगळं त्यातून बांधायचं. मराठीत एक खड्डा आहे तो आधीच सांगते. आपलं 'वाटणं' दोन कामं करतं, 'मला वाटतं तो येईल' मध्ये तो विचार आहे आणि 'मला वाईट वाटलं' मध्ये भावना. व्याख्येत दोन्ही मिसळले की सगळं गढूळ होतं, म्हणून विचारासाठी मी 'मनात येतं' लिहिते आणि 'वाटतं' फक्त भावनेसाठी ठेवते.

चीड अशी उतरली. मनात येतं: 'कोणीतरी फार वाईट करतंय. असं कोणीच करू नये. हे व्हायला नको.' म्हणून वाईट काहीतरी वाटतं. यात 'माझं' कुठेच नाही, दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचीही चीड येतेच. पॅसिफिकमधल्या इफालुक बेटावर मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन लुट्झ यांनी 'सोंग' नावाचा शब्द नोंदवलाय (आपल्या सोंगाशी याचा संबंध नाही), रीत मोडणाऱ्याबद्दल वाटणारा योग्य मानलेला राग, तो आपल्या रागापेक्षा चिडीच्या जास्त जवळ बसतो असं मला वाटतं.

आणि रुसणं. मनात येतं: 'हा माणूस माझा आहे. याने माझ्यासाठी काहीतरी करायला हवं होतं. केलं नाही. आता मी याच्याशी बोलणार नाही. मला हवंय की याने हे बघावं आणि माझ्याकडे यावं.' म्हणून वाईट वाटतं. ड्रायव्हर पहिल्याच ओळीला गळाला.

मग व्याख्या मोडून बघायची, नुसती लिहून थांबायचं नाही. मी वर रुसणारा माणूसच असणार असं धरलं होतं आणि भाचीनेच विचारलं, "मग पाऊस रुसला कसं म्हणता?" दोन दिवस डोक्यात तेच होतं. पाऊस रुसतो, नशीब रुसतं, लक्ष्मी रुसते, पण ट्रॅफिक रुसत नाही आणि वीज गेली तर ती रुसली असं कोणी म्हणत नाही. ज्याला आपण आपलं मानतो, ज्याची मनधरणी करतो, त्यालाच रुसता येतं. रुसणारा माणूसच असावा ही अट मी सोडली, व्याख्येच्या ओळी तशाच राहिल्या.