'रोल' शिकवायचा तर पोळपाट काढा

माझ्याकडे संध्याकाळी सातवी-आठवीची मुलं इंग्रजीला येतात. 'रोल म्हणजे काय?' विचारलं की एका सुरात उत्तर येतं, 'फिरणे!' मग मी आतून पोळपाट-लाटणं आणते. कणकेचा गोळा तळहातात वळला, तो रोल. पोळी लाटली, तो रोल आउट. पातळ पसरलेल्या पिठाची सुरळीची वडी गुंडाळली, तो रोल अप. इंग्रजीला एकच शब्द पुरला, आपल्याला तीन लागले.

म्हणून घरी शिकवताना अर्थ पाठ करून घेऊ नका. आधी विचारा, रोल होतंय काय? गोटी असेल तर घरंगळते, घाटातला धोंडा गडगडतो, अश्रू ओघळतो, म्हैस चिखलात लोळते. जहाज या कुशीवरून त्या कुशीवर कललं तर तोही रोलच. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वरखाली झाली तर मात्र पिच. विमानालाही हेच शब्द लागतात. वस्तू डोळ्यांपुढे आली की मराठी क्रियापद आपसूक सुचतं, आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते सुचलेलं दिसतं. मला तो क्षण फार आवडतो.

वाक्प्रचारात जपून. 'रोल अप युअर स्लीव्ह्ज'ला 'बाह्या सरसावणे' चपखल बसतं. पण 'शी रोल्ड हर आइज' म्हणजे 'तिचे डोळे फिरले' नव्हे. त्याने ती चक्कर येऊन पडली असं वाटेल. मी 'तिने नाक मुरडलं' असं लिहायला सांगते. अवयव बदलला तरी भाव पोचतो.

आता हजेरी. 'रोल' या शब्दाचं मूळ लॅटिन 'रोटुलस', म्हणजे छोटं चाक. पुढे चामड्याच्या किंवा कागदाच्या गुंडाळीलाही तेच नाव पडलं. नावांच्या याद्या अशा गुंडाळ्यांवर लिहीत, म्हणून वर्गात रोल नंबर, मतदारांचा इलेक्टोरल रोल आणि रोजगार हमीच्या कामावर मस्टर रोल, म्हणजे आपला हजेरीपट. नटाचे संवादही गुंडाळीवर असत, त्यातून नाटकातला 'रोल' आला. त्याचं स्पेलिंग आर-ओ-एल-ई, हजेरीच्या रोलला मात्र शेवटी दोन एल. 'रोल मॉडेल' लिहिताना मुलं हमखास दोन एल घालतात, तेव्हा नट आठवायला सांगा. 'कंट्रोल'ही याच घरातला: हिशेब पडताळायला ठेवलेली दुसरी गुंडाळी.

घरचा अभ्यास एवढाच देते: स्वयंपाकघरात रोल होणाऱ्या पाच गोष्टी शोधा आणि प्रत्येकीपुढे आजी जे क्रियापद वापरते तेच लिहून आणा.